खरवडलेली ओळ

४ मार्च १९५४, लॅमरिंग

पोचले एकदाची! आई सगळी वाट माझ्या मांडीवर बसून आली, म्हणजे चहाच्या डब्यातली तिची रक्षा. कंडक्टरनं डबा वर फळीवर ठेवायला सांगितला, तेव्हा त्याला म्हटलं, ही माझी आई आहे, ती बसूनच येईल. पुढं गाव येईपर्यंत तो माझ्या वाटेला गेला नाही.

लार्टरबाईंकडं उतरले आहे. खोलीला चुन्याचा वास आहे, खिडकीतून देऊळ दिसतं आणि जेवायला आज खारवलेला मासा आणि पिठाचे गरम गोळे होते. बाई गावच्या देवळाची झाडलोट करतात, किल्ल्याही त्यांच्याकडंच असतात. माझं नाव ऐकून त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "डोरकस? अजून चालवताय होय तुम्ही ते?"

चालवणारच. आमच्यात थोरल्या मुलीचं नाव डोरकसच. आईचंही तेच, माझंही तेच. आईची पणजी डोरकस थर्टल इथली. मरताना आईनं एकच मागितलं: मला थर्टलांच्या कबरीत ठेव. देवळाचं कबरस्तान भरलंय, नवी कबर मिळत नाही, पण वंशज असल्याचं दाखवलं तर जुन्या कबरीत रक्षा ठेवू देतात. पुरावा माझ्या पिशवीत आहे. बिशपकडं दरवर्षी गावच्या बाप्तिस्मा-दफनांच्या वहीची नक्कल जायची, तिच्यातून मी सगळं उतरवून आणलं आहे. चार दिवसांचं काम.

६ मार्च

अ‍ॅस्क्यू नावाचा हा पाद्री! घड्याळ पुढ्यात ठेवून बसतो, जणू मी वही खाऊन टाकणार आहे. लोखंडी पट्ट्यांच्या पेटीतून त्यानं मूळ वही काढली. डोरकसचा बाप्तिस्मा सापडला: १७८५, आईबाप जेम्स आणि सारा थर्टल. मी हसले. त्यानं शांतपणे पुढची पानं उलटली आणि बोट ठेवलं.

९ फेब्रुवारी १७८८. डोरकस, जेम्स व सारा थर्टल यांची मुलगी, वय तीन. पुरली.

मी म्हटलं, तीन वर्षांची मेली तर माझ्या आईची पणजी कोण? तर म्हणतो, "ते मी कसं सांगणार, बाईसाहेब? एवढं खरं, की ती थर्टल नव्हती." वर शिंकला. माझ्या हातात छत्री होती. ती मी हातातच ठेवली याचं मला अजून नवल वाटतं.

खोलीवर येऊन माझा कागद काढला. बिशपच्या नकलेत त्याच तारखेला दफन आहे, पण नाव वेगळं. ती ओळ मी उतरवली होती आणि आपली नाही म्हणून सोडून दिली होती.

'भटक्या बाईचं पोर. नाव ठाऊक नाही.'

८ मार्च

लार्टरबाई शेवटी बोलल्या. त्या हिवाळ्यात एक भटकी बाई आपली मुलगी देवळाच्या दारात सोडून गेली. परगावचं पोर म्हणजे गावावर बोजा. शिपाई तिला गाडीत घालून बर्फात हद्दीबाहेर टाकणार होते. त्याच आठवड्यात साराची डोरकस गेली. सारानं मेलेल्या लेकीचे कपडे त्या पोरीला घातले आणि नावही दिलं. जुन्या पाद्र्यानं बिशपला खोटं कळवलं. मूळ वहीत मात्र खोटं लिहायला त्याचा हात धजेना.

"सगळ्या गावाला माहीत आहे, पोरी," त्या म्हणाल्या. "त्या मेलेल्या धाकट्या जिवाचं नाव गेलं, बाप्तिस्मा गेला, आईसुद्धा गेली. ती एक ओळ तेवढी तिची राहिली. तिच्या वाटेला जाऊ नकोस."

मला दया येत नाही. संताप येतो. माझी आई एकोणीस दिवस माझा हात धरून थर्टल, थर्टल करत गेली. आणि एका ओळीसाठी तिला बाहेर ठेवायचं?

९ मार्च

केलं.

कोळसेवाला आला म्हणून अ‍ॅस्क्यू वही उघडी टाकून दारात गेला. चामड्याच्या पानावरची शाई चाकूनं खरवडता येते, जुने कारकून तेच करायचे. पेन्सिलीला टोक करायचा चाकू माझ्याजवळ होताच. सहा मिनिटं. भुगा फुंकला. मग वहीत दुसऱ्यांदा नीट बघा, म्हणून त्याच्यावर ओरडले. त्यानं चष्मा तीनदा पुसला, ओळ सापडेना. दफन परवा, अकराला दुपारी.

जिंकले गं आई!

१० मार्च

सकाळी लार्टरबाईंनी अंडं पुढं ठेवलं आणि विचारलं, तुमचं नाव काय म्हणालात? मी रागानं सांगितलं. त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून त्या पांढऱ्याफटक पडल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

दुपारी गल्लीत कुणीतरी माझं बोट धरलं. लहान हात, मातीनं भरलेला. मागं कुणी नाही. बोटावर माती आहे. दोनदा धुतलं —

आईच्या डब्यावर मी चिठ्ठी चिकटवली होती. चिठ्ठी आहे. तिच्यावरचं नाव खरवडलेलं आहे, चाकूनं, अगदी माझ्यासारखं.

१० मार्च, संध्याकाळ

लार्टरबाईंकडून किल्ली हिसकावून घेतली. ओळ परत लिहायला गेले. खरवडलेल्या जागी शाई धरेना, पसरते, नुसता डाग. पाच वेळा. ती शेजारी उभी राहून बघत होती. तीन वर्षांची, ओल्या मोज्यांची.

मी तिच्यावर ओरडले. मेलेल्या पोरीवर. तिला रडू आलं नाही. ती माझ्यासारखीच रागानं बघत होती. तिला पुरलेलं मीच काढून टाकलं, आता ती जाणार कुठं?

११ मार्च

अ‍ॅस्क्यूनं विचारलं, मृताचं नाव? मला येईना. जीभ हलते, नाव नाही. माझ्याच आईचं. तो थांबला, मग वहीत लिहू लागला. मी वाकून वाचलं —

भटक्या बाईची लेक. नाव ठाऊक नाही.

आणि थर्टलांच्या कबरीतही नाही. भिंतीबाहेर, चिखलात.

हातातला डबा —

अजून ११

ही रोजनिशी चाळली. पहिल्या पानावर लार्टरबाई काय म्हणाल्या तिथं मला नुसता डाग दिसतो. आमच्यात थोरल्या मुलीचं नाव — डाग. प्रत्येक पानावर.

ती मांडीवर चढून बसली आहे. आई बसली होती तिथंच. जड आहे. माझं बोट धरून लिहायला शिकते आहे.

घे बाई. तुझंच आहे. पण आईला तेवढं आत येऊ दे, ती माझी आई, तिचं नाव, मी तिची थोरली, माझं नाव