धारेच्या वेळची सभा

सर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपला एक वाद राहूनच गेलाय. मी संस्कृत सोडून लिंगभाव अभ्यासाकडे वळले, तेव्हा चष्म्यावरून बघत तुम्ही म्हणालात, "तिन्ही लिंगं तुला आठवीतच शिकवली होती की मी. आता राहिलं काय?" राहिलं होतं ते असं.

मंगळवार पेठेतला तुमचा जादा वर्ग रविवारी संध्याकाळी, नेमका म्हशींच्या धारेच्या वेळी. मी आमच्या गावाहून, गडमुडशिंगीहून, धावतपळत येऊन दारात उभी, परकराला गोठ्याचा वास, आणि तुम्ही फळ्याकडे तोंड करूनच म्हणता, "आल्या का बाईसाहेब? आता फक्त विसर्ग उरलाय." शेवटी आईच येऊन तुम्हाला म्हणाली, "म्हशीला तुमची शब्दरूपं कळत न्हाईत, सर. धार झाल्याबिगर पोरगी यायची न्हाय." पुढच्या रविवारपासून वर्ग दुपारी. स्वतःची वामकुक्षी मोडलीत आणि आम्हाला कारण सांगितलंत, दुपारच्या झोपेने बुद्धी मंदावते. मागच्या बाकांवर आणखी मुली दिसू लागल्या. मग तुम्ही निवृत्त झालात, नव्या सरांनी वर्ग पुन्हा संध्याकाळी नेला. माझी धाकटी बहीण त्याच वर्षी आठवीत आली होती. तिचं संस्कृत तिथेच राहिलं.

ग्रामसभेला बायका का येत नाहीत, हे आमच्या लिंगभाव अभ्यास केंद्राने गावोगाव फिरून तपासलं. सरकारी उत्तर तयारच होतं: महिलांमध्ये उदासीनता. आम्हाला दिसलं, सभा धारेच्या वेळी. जिल्ह्याच्या बैठकीत एक साहेब म्हणाले, "मग म्हशींची वेळ बदला की." मीही हसले आणि अहवाल पुढे सरकवला. तुमच्यासारखा भला माणूस दर गावाला मिळत नाही सर, म्हणून असले रुक्ष अहवाल लागतात. रागावू नका. आता जिल्ह्यापुरता आदेश निघालाय, धारेच्या वेळी सभा घ्यायची नाही.

काल आमच्या गावात तशी पहिली सभा झाली. बहीण उभी राहिली आणि स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कायम कुलूप का, असं विचारून तिने सरपंचांना घाम फोडला. घरी येताना मी तिला तुमच्या वामकुक्षीची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, "सर चांगलंच हुतं गं. पण जाताना तेवढं लिवून ठिवायचं हुतं की, वर्ग दुपारीच म्हणून."

तुमची बाजू घ्यावीशी वाटली, पण तिचं पटलं मला. तुम्ही असतात, तरी तुम्हाला लागेल म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकलं नसतं.