‘पद्मावती’ होडी आणि माझ्यावर झालेला अन्याय

२४ एप्रिल, गुरुवार
रियाच्या शाळेने सुट्टीचा प्रोजेक्ट दिला आहे. विषय ‘आमच्या घराण्याचा पारंपरिक व्यवसाय’. सातवीत जाणाऱ्या मुलीला असा विषय मिळावा आणि तिचा बाप मी असावा, हा योगच म्हणायचा. कणकवलीत कॉलेजच्या ऑफिसात टेबलामागे बसणारा निलेश केळुसकर मूळचा दर्यावर्दी आहे, हे लोक विसरतात. मी वरचेवर आठवण करून देतो. तरी विसरतात.

मालवणजवळच्या आमच्या गावात तीन महिन्यांपूर्वी मच्छीमारीचं छोटं म्युझियम उघडलंय. जुन्या बर्फाच्या गोदामात. उद्घाटनाचं आमंत्रण मला आलं नाही. पोस्टात गहाळ झालं असणार. रविवारी रिया आणि तिचा भाऊ समर्थ यांना घेऊन जायचं ठरवलं. गाइड मी स्वतः.

२५ एप्रिल, शुक्रवार
भाषणाचे मुद्दे काढले. रापण म्हणजे अख्ख्या वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं, इथपर्यंत आठवलं. पुढचं यूट्यूबवर पाहिलं. पाहताना सगळं आठवत गेलं असं नाही, पण आठवल्यासारखं वाटलं.

शेवटचा मुद्दा अर्थात १९९१चं वादळ. मुलांना तोंडपाठ आहे. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, होडी किनाऱ्याजवळ उलटते. बारा वर्षांचा मी कमरेला दोर बांधून लाटांत घुसतो आणि आबांना ओढून आणतो. हल्ली सांगताना मी लाटांची उंची थोडी कमी केली आहे. खऱ्या गोष्टीला फुगवायची गरज नसते.

बायकोने, किशोरीने, विचारलं, ताईंना कळवलंत का? ताई म्हणजे माझी थोरली बहीण शेवंती. गावच्या घरात एकटी राहते, बाजारात मासे विकते. म्हटलं, सरप्राइज देणार. किशोरी म्हणाली, दोन वर्षांनी जाताय, सरप्राइज तर होईलच. तिचं माहेर घाटाच्या पायथ्याचं, भातशेतीवालं. समुद्राकडच्या माणसांचं नातं तिला कळायचं नाही. आमच्यात उठसूट फोन करावे लागत नाहीत.

२६ एप्रिल, शनिवार
समर्थसमोर भाषणाची रिहर्सल. चार मिनिटं ऐकलं. मग विचारलं, तिथे शार्क आहे का? नाही म्हटल्यावर उठून गेला. भाषण चाळीस मिनिटांवरून पस्तीसवर आणलं. माणसाने लवचीक असावं.

२७ एप्रिल, रविवार, सकाळी ६.१०
गाडी धुतली. किशोरी येत नाहीये. काल रिहर्सल ऐकताना तिचं डोकं दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. हरकत नाही. आज मुलांना त्यांचा बाप नव्याने कळेल.

२७ एप्रिल, संध्याकाळी ७
कळला.

क्रमाने लिहितो, म्हणजे पुढेमागे कुणी म्हणू नये की मी रागात लिहिलं.

कसालच्या पुढे समर्थ दोनदा ओकला. म्युझियमच्या दारात बाबली तांडेल खुर्ची टाकून बसला होता. पूर्वी रापणीचा म्होरक्या, आता पंचाहत्तरीचा, म्युझियम तोच सांभाळतो. मला बघताच म्हणाला, ‘अरे, दत्तारामाचो निल्यो मां तू?’ आणि मग मुलांकडे वळून, ‘तुमचो बापूस होडयेत बसलो की ओकूक लागी. आम्ही त्येका हातात बालदी देऊनच बसवू.’

मुलं हसली. समर्थचा चेहरा तर उजळलाच. मी रियाला हळूच सांगितलं की या वयात माणसं नावांची गल्लत करतात.

भाषण जाळ्यांपासून सुरू केलं. बरं चाललं होतं. कोपऱ्यातल्या एका लोखंडी वस्तूकडे बोट दाखवून मी म्हणालो, हा पूर्वीच्या होड्यांचा नांगर. बाबली म्हणाला, ‘तो पंख्याचो स्टँड. परवाच विकत हाडलंव.’

पुढे भाषण चाललं नाही.

मागच्या खोलीत आबांची होडी. हो, आमचीच. तेल लावून चकचकीत केलेली. शेजारी पाटी: ‘होडी “पद्मावती”. मालक कै. दत्ताराम केळुसकर. म्युझियमला भेट: शेवंती दत्ताराम केळुसकर.’ पद्मावती माझ्या आईचं नाव. वडिलांचं नाव आहे, बहिणीचं नाव आहे, आईचं आहे. माझं नाही. मी पाटीच्या मागेही बघितलं.

हे पचवतोय तोच बाबली म्हणाला, ‘ह्याच होडयेची एक गजाल सांगतंय.’ रियाने मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं. मला थांबवता आलं असतं, पण कुठल्या कारणाने? त्याने सगळं सांगितलं. वादळ, उलटलेली होडी, बुडणारे आबा. आणि कमरेला दोर बांधून पाण्यात घुसलेली एकोणीस वर्षांची शेवंती.

रिया माझ्याकडे वळली. ‘पण बाबा, ते तर तुम्ही...’ एवढंच म्हणाली आणि थांबली. मग तिने बाबलीला विचारलं, तेव्हा माझे बाबा कुठे होते?

बाबलीने डोकं खाजवलं. ‘निल्यो? निल्यो खंय होतो बरो त्या वेळाक?’

तेवढ्यात दारातून आवाज आला, ‘तो माणसां बोलवूक धावललो. तो गेलो म्हणान माणसां इली.’ ताई. आम्ही आल्याची खबर कुणीतरी बाजारात दिली होती. डोक्यावर माशांची पाटी तशीच.

म्हणजे एवढ्या मोठ्या प्रसंगात माझ्या वाट्याला एक क्रियापद. धावललो.

मी विषय होडीवर आणला. मला न विचारता होडी दिलीस कशी? ताई म्हणाली, ‘होडी मोडून जळाक घाल म्हणान तूच सांगितलंस ना फोनार?’ म्हणालो असेन. ऑडिटचे दिवस होते. ऑडिटमध्ये माणूस काहीही बोलतो. सख्ख्या बहिणीला टोन कळायला हवा.

तिच्याकडे जेवलो. बांगड्याचं तिखलं होतं. दोनदा भात घेतला, पण तो निव्वळ संतापाने.

निघताना मुलं म्हणाली, आम्ही आत्याकडे राहतो आठवडाभर. दोघंही. परत येताना गाडीत मी एकटा. उरलेलं भाषण कसालच्या फाट्यापर्यंत स्वतःशीच पूर्ण केलं. चांगलं होतं.

२८ एप्रिल, सोमवार
दगा. दुसरा शब्द नाही. बहीण, बाबली, पोटची पोरं, सगळ्यांनी मिळून. आणि ठरवूनसुद्धा नाही, याचं जास्त वाईट वाटतं. ठरवून केलं असतं तर निदान माझा विचार तरी झाला असता.

म्युझियमच्या कमिटीला हरकतीचा अर्ज लिहायला घेतला. दोन मागण्या. होडीच्या पाटीवर माझं नाव. आणि १९९१च्या प्रसंगात ‘उपस्थित असलेल्या इतर कुटुंबीयांचा’ योग्य उल्लेख. तीन पानं झाली.

किशोरीने विचारलं, तुम्ही पाण्यात उतरला होता की नव्हता? म्हटलं, ते कॉम्प्लेक्स आहे. ती म्हणाली, पाण्यात उतरण्यात कॉम्प्लेक्स काय असतं? शेतीवाल्यांना सगळं सोपं वाटतं.

३० एप्रिल, बुधवार
मुलांचा फोन. समर्थने रापणीचा दोर ओढला. वाट्याला दोन बांगडे आले, ते त्यानेच धुतले, त्यानेच खाल्ले. घरी हा मुलगा वरणातली मिरची दिसली तरी ताट सरकवतो.

रियाने प्रोजेक्टचं नाव बदललंय. मी सुचवलं होतं ‘माझे बाबा: दर्याचे पुत्र’. आता ‘माझी आत्या’. तिला शांतपणे समजावलं की विषय व्यवसाय आहे, नातेवाईक नाही. ती म्हणाली, आत्या रोज पहाटे उठून व्यवसायच करते. तुम्ही कॉलेजला होता तेव्हाही करत होती. तिच्या माशांच्या पाटीवरच तुमचं शिक्षण झालं ना?

हे तिला कुणी सांगितलं? एक वर्ष मला स्कॉलरशिपही होती, हे कुणीच सांगत नाही.

४ मे, रविवार, संध्याकाळ
मुलांना आणायला गेलो. खिशात अर्ज.

बाबलीकडे चष्मा नव्हता. म्हणाला, तूच वाच. दुसऱ्या परिच्छेदात थांबवलं. ‘घालूया तुझा नाव. त्येका काय जाता?’ तीन पानांचं काम एका मिनिटात झालं. मला बरं वाटायला हवं होतं. मग त्याने विचारलं, ‘काय म्हणान घालूया? मदत हाडूक धावललो, असा? शेवंती सांगता तसा?’

मी म्हटलं, जरा थांबा.

ताई मागच्या अंगणात मासे साफ करत होती. मुलं किनाऱ्यावर. मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं, तू मला खरंच धावताना बघितलंस?

तिने मान वर केली नाही. ‘बघलंय. पण वाडीकडे नाय. सुक्या मासळीच्या खोपीकडे.’

मी म्हटलं, मी बारा वर्षांचा होतो.

‘माका ठावक आसा. मीच हारो उचलून तुका भायर काढलंय.’

हारा म्हणजे बांबूची मोठी टोपली. त्याखाली मी बसलो होतो. कानांवर हात ठेवून. किती वेळ ते आठवत नाही. सुक्या बांगड्यांचा वास आठवतो. मला वाटत आलं होतं की मी आपला आपणच बाहेर आलो.

मी विचारलं, आबांना माहीत होतं?

‘होता. आबा म्हणालो, पोराक काय बोलू नुको. कधी कोण बोललो नाय.’

मग मी विचारलं, त्या दिवशी मुलांसमोर तू खोटं का बोललीस? ती म्हणाली, ‘मगे काय सांगू? हाऱ्याखाली बसललो म्हणान सांगू?’ आणि पुन्हा मासे साफ करायला लागली. तिची बोटं वाकडी झाली आहेत. आधी लक्षात आलं नव्हतं.

चौतीस वर्षं. आबांना माहीत, ताईला माहीत. आणि त्यांना माहीत आहे हे मला कुणी सांगितलं नाही. याला विश्वासघात नाही तर काय म्हणायचं? आधी कळलं असतं तर मी इतकी मेहनत घेतली नसती. दरवेळी नव्या लाटा उभ्या करणं सोपं नसतं.

अर्ज परत घेतला. बाबलीला सांगितलं, नावाचं राहू दे. त्याने कारण विचारलं नाही. तोही विचारत नाही म्हणजे त्यालाही माहीत असावं.

येताना समर्थ ओकला नाही. मला मात्र वाटेत एकदा गाडी थांबवावी लागली. उन्हाचा त्रास.

५ मे, सोमवार
ताईला फोन केला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. तिने उचलल्यावर विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, ‘सकाळचे नऊ वाजले रे.’ मग तिला गिऱ्हाईक आलं.

१५ जून, रविवार
उद्या शाळा सुरू. सकाळी रिया प्रोजेक्टची वही घेऊन आली. शेवटच्या पानावर शाळेने छापलंय: ‘वरील माहिती वाचली. ती खरी आहे. पालकाची सही.’ किशोरीकडे जा म्हटलं. ती म्हणाली, घराणं तुमचं आहे.

वही वाचली. अकरा पानं. ताईचा फोटो, जाळ्याचं चित्र, माशांची नावं. होडी उलटली ते नवव्या पानावर. तिथे लिहिलंय:

‘आत्या म्हणते, बाबा मदत आणायला धावले. पण हे सांगताना ती माझ्याकडे बघत नाही. मला वाटतं, बाबांना भिती वाटली असेल. ते तेव्हा बारा वर्षांचे होते. मी पण बारा वर्षांची आहे. मी पण पाण्यात गेले नसते. मी बाबांना हे विचारलं नाही.’

ती समोर उभी होती. मी ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. तिने विचारलं, काही चुकलंय का?

मी म्हटलं, एकच. ‘भीती’ची पहिली वेलांटी दीर्घ असते.

तिने व्हाइटनर लावून दुरुस्त केलं. वाळेपर्यंत दोघंही थांबलो. मग मी सही केली.