मालकीणबाईंचं भाडं

अण्णा,

आईनं यंदा कंपनीला दिलेल्या शेडच्या भाडेकरारावर सही करायला नकार दिला. तुम्ही गेल्यापासून दर अकरा महिन्यांनी मी तो कागद तिच्यापुढे ठेवते. ती चष्मा शोधते, सही करते आणि पुन्हा भाजी निवडायला लागते. यंदा तिनं कागद नीट वाचला, त्याची घडी घातली आणि पिठाच्या डब्याखाली सारून ठेवला. "सही करीन," म्हणाली, "पण आधी तू पगार घ्यायचा. तवर नाय." दिवसभर एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसात अडकलेल्या बिलासाठी बसून मी वाळूजहून आले होते. वाद घालायची ताकद नव्हती. मी हातपाय धुतले आणि जेवायला बसले.

पगाराचं तुम्हाला सांगायला हवं. दीड वर्ष झालं, मी कंपनीतून काही घेतलेलं नाही. ऑर्डरी निम्म्यावर आल्या आहेत, मोठी गिऱ्हाइकं पैसे महिनोन् महिने लांबवतात, आणि कामगारांचे पगार काही थांबवता येत नाहीत. मग थांबायचं कुणी, तर मी. तुमच्या सीएंचा मुलगा आता आपलं काम बघतो. तो मला वर्गात शिकवल्यासारखं समजावतो, "मॅडम, मालकाला कंपनीतून पैसे काढायचे सरळ रस्ते आहेत. पगार घ्या. नफा झाला तर कर भरून लाभांश घ्या. तुम्ही कंपनीला उसने दिले असतील तर व्याज घ्या. जागा तुमची असेल तर भाडं घ्या. बाकी असेच हात घालून काढाल, तर मी ते करू देणार नाही." नफा नाही, म्हणून लाभांश नाही. द्यायला माझ्याकडे काही नव्हतंच, म्हणून व्याज नाही. जागा आईची. उरला पगार, आणि तो मी दर महिन्याला पुढं ढकलत होते. खोटं कशाला बोलू, त्याचा मला थोडा तोराही होता. आपण अण्णांवर गेलो, असं वाटायचं.

तुम्हीच तर शिकवलंत. कॉलेजच्या सुट्टीत मी शेडवर यायचे, तेव्हा एकदा किरकोळ खर्चाच्या डब्यातून पैसे घेऊन कोपऱ्यावरच्या रसवंतीत रस पिऊन आले. तुम्ही कधी आवाज चढवत नसायचात. प्रेस मशीन थांबायची वाट बघितलीत आणि मग विचारलंत, "ते पैसे कुणाचे?" मी म्हणाले, "आपलेच ना." "आपले नव्हेत. कंपनी म्हणजे वेगळा माणूस आहे. त्याच्या खिशात आपण हात घालत नसतो." ऑपरेटर मान खाली घालून ऐकत होते, आणि मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. दुसऱ्या दिवशी आईकडून तेवढे पैसे आणून मी डब्यात टाकले. तुम्ही मान हलवलीत. प्रकरण मिटलं.

आणि त्या दिवसांतलं गारखेड्याच्या घरातलं हे स्वयंपाकघर. महिना सुरू झालाय, तुम्ही चेक घेऊन दारात उभे आहात. "मालकीणबाई, भाडं आणलंय." आई कणकेचे हात पुसते, पावतीवरच्या तिकिटावर सही करते. तिच्या पाटल्या मोडून शेडची जागा घेतली, म्हणून ती तिच्या नावावर केली, हे तुम्ही आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचात. कंपनीतून स्वतः पगाराचा एक पैसा घेत नाही, हेही सांगायचात. आपण दोघं हसायचो. आई हसायची का, ते मला काही केल्या आठवत नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी आईला म्हटलं, "आई, पगार नसला तरी घर चाललंय ना?"

"व्हय, चाललंय. कशावर चाललंय? माझ्या भाड्यावर. किराणा त्यातून, तुझं पेट्रोल त्यातून, तुझा चष्मा बी त्यातूनच. तुझे अण्णा बी असंच. कंपनीला हात लावला नाय म्हणून लई नाव झालं त्यांचं. तुझी फी कुठून भरली? त्यांच्या स्कूटरचे टायर कुठून आले? माझ्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच."

"तू कधी बोलली नाहीस."

"मालकीणबाई म्हणायचे ना. मग काय बोलणार?"

मला तुमचा राग आला, अण्णा. तुम्ही प्रामाणिक होता, त्यात शंका नाही. पण कंपनीच्या खिशाला जपताना आईचा खिसा तुम्ही आपलाच धरलात, आणि मीही तेच उचललं, वर मिरवलंसुद्धा. या वयात हे कळलं याचाच शीण आला. त्या रात्री मी तुमच्या फोटोकडे पाठ करून झोपले.

पुढच्या महिन्यापासून पगार सुरू केला. आपल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरपेक्षा कमी आहे, पण आहे. आईनं डब्याखालचा कागद काढून सही केली आणि दुसऱ्याच दिवशी सराफाकडे जाऊन आली. तोंड उतरलेलं. "भाव लई वाढलाय गं. दोन नाय व्हायच्या, एकच होईल. तीबी पुढच्या दिवाळीला." तरी पुन्हा जाणार आहे म्हणते.

ती रसवंती अजून तिथंच आहे. काल येताना आईसाठी रस बांधून आणला. पिशवी हातात घ्यायच्या आधीच तिनं कमरेचा बटवा काढला.

"किती झाले?"

"मी दिलेत, आई."

बटव्यात घातलेला हात तसाच ठेवून ती बसून राहिली. मग म्हणाली, "बर्फ जास्त टाकलाय मेल्यानं," आणि सगळा रस प्यायली.

एवढंच सांगायचं होतं. हे पाठवायचं कुठं, असं मी म्हणणार नाही. तुम्ही असता, समोरच्या खुर्चीत बसला असता, तरी हे पत्र मी तुमच्या हातात दिलं नसतं. पगारही घेतला नसता.