भट्टीतला पुठ्ठा

५ मार्च
कारखान्यातली पोलादाची मोठी भट्टी गेल्या आठवड्यात विझवली. आतलं विटांचं जुनं अस्तर पाडून झालं, आता नवं लावायचं. निम्मा भाग आमच्या ह्यांच्याकडे, निम्मा त्या चष्मेवाल्या मिस्त्रीकडे. जो आधी पुरा करील तो हेडमिस्त्री. ह्यांना म्हटलं, साहेबांना घरी जाऊन भेटून या. तर म्हणे, काम बघतील की. अशानंच वीस वर्षं विटा लावत बसलेत. मी मात्र तोंड घालणार नाही. ठरलं.

६ मार्च, जेवणानंतर
चष्मेवाल्याचा पुठ्ठा संपला म्हणून आज काम खोळंबलं म्हणे. कसला पुठ्ठा? तर विटांच्या मध्ये घालतात. एवढं सांगून हे ताक प्यायले.
लोखंडाचं पाणी होतं त्या भट्टीत, आणि पुठ्ठा! मी डब्यांखाली घालते तोसुद्धा चार वेळा उलटून वापरते. मेल्यानं विटा विकून खाल्ल्या, दुसरं काय. मॅट्रिक झालेल्या बाईला एवढं कळतं.

८ मार्च
देवळात साहेबांच्या बाई भेटल्या. तोंड घालायचं नव्हतंच, पण पाप झाकणारा अर्धा पापी. सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं, "आमचे हे पुठ्ठ्याला हातसुद्धा लावत नाहीत हो." बाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? म्हटलं, देवाच्या दारात खोटं बोलेन का? चपला घालून तशाच घाईनं गेल्या. काम झालं.

१० मार्च
निरोप आला, ह्यांना उशीर होईल. ह्यांनी लावलेला भाग साहेब स्वतः उभं राहून उकलून बघताहेत. नमुना म्हणून दाखवत असणार बाकीच्यांना. चष्मेवाल्याचं काही उकललं नाही. त्यात बघण्यासारखं काय असणार म्हणा.

१३ मार्च
ह्यांच्या विटांतून जिथं तिथं पुठ्ठा निघाला. अगदी मापात. तापल्यावर वीट फुगते, पुठ्ठा जळून तिला जागा करून देतो, नाहीतर अस्तर फुटून पोलाद बाहेर. हे मला आज सांगतात.
साहेब म्हणाले, काम चोख. पण उकललेलं पुन्हा लावेपर्यंत चष्मेवाल्याचं पुरं झालं. हेडमिस्त्री तोच.
मी म्हटलं, त्या बाईला अक्कल नको? देवळात ऐकलेलं घरी जाऊन नवऱ्याला सांगायचं असतं का?
हे म्हणाले, "देवळात जा. पण बोलायचं ते देवाशी बोल." आणि धुतलेला सदरा घालून चष्मेवाल्याचं अभिनंदन करायला गेले. मला चल म्हणालेसुद्धा नाहीत.