अहवालात न आलेली खुर्ची

माय, आज रविवार आहे आणि मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून तीनदा गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढले, त्यातले निम्मे ओलेच होते, ते परत वाळत घातले. उद्या अकरा वाजता कोर्टात एक अहवाल द्यायचाय. तीन वर्षांच्या एका मुलीने कुणाकडे राहायचं हे जज मॅडम ठरवतील, पण ठरवताना माझी दोन पानं वाचतील. ती दोन पानं लिहून तयार आहेत आणि मला माझाच राग येतोय.

तुला माझं काम कधी नीट कळलं नाही. शेजारणीला सांगायचीस, आमची पोरगी कोर्टात लहान पोरांशी खेळते. तसं ते खोटं नव्हतं. मी खेळणी मांडून जमिनीवर बसते आणि ज्याला अजून धड बोलता येत नाही त्याच्या मनात काय चाललंय ते बघते. आता इतरांनाही शिकवते. मागच्या महिन्यात कोर्टातल्याच लोकांचं प्रशिक्षण होतं, वकील, महिला पोलीस, अंगणवाडीच्या बाया, सगळे. मी सांगत होते की लहान मुलाला सोडून जाताना सांगून जा, रडलं तरी चालेल, पण डोळा चुकवून जाऊ नका. तर एक म्हातारे कारकून उठून म्हणाले, "बेन, आवडां नानां छोकरांने शुं खबर पडे? बे दिवसमां भूली जाय." एवढ्याशा पोरांना काय कळतं, दोन दिवसांत विसरतात म्हणे. सगळे हसले. मीही हसले, आणि मग उत्तर देताना आवाज असा चढला की पुढच्या रांगेतल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, मी कुणाशी भांडत होते.

तुझ्याशीच. मी तीन वर्षांची असताना तू आणि आबा मला धुळ्याकडे मामीजवळ ठेवून सुरतेला आलात. आबा लूमवर, तू साड्यांचे धागे कापायला, आणि एका खोलीत आणखी दोन कुटुंबं. मला कुठे ठेवणार होतात, हे आज कळतं. पण मामी मला शेजारच्या गोठ्यात वासरू दाखवायला घेऊन गेली आणि परत आलो तर तू नव्हतीस. नोकरीतलं पहिलं प्रशिक्षण घेऊन आले तेव्हा इथे सुरतेत, उधन्याच्या आपल्या स्वयंपाकघरात मी तुला विचारलं, अशी का गेलीस? तू मेथी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुले काय समजे तव्हय? रडनी बी नही तू." आणि वर, दोन बुकं जास्त शिकलीस म्हणून आईची उलटतपासणी करतेस का, असं सुनावलंस. मी परत विषय काढला नाही. पुढच्या वर्षी तू कायमचीच गेलीस, त्यालाही आता सतरा वर्षं झाली.

अहवालातली ही मुलगी सुरतेजवळ कामरेजला आजीकडे आहे, बापाच्या आईकडे. नवऱ्याशी बिनसलं तेव्हा आई एकटीच उधन्याला निघून आली, मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालते, आणि खोली मिळाल्यावर, वर्षभराने, आता मुलगी मागतेय. मी मायलेकींच्या तीन भेटी घडवल्या. आईने नवा फ्रॉक आणला होता, तो आखूड झाला. सोडून आली तेव्हाच्या मापाचा होता. मुलगी तिच्याकडे पाठ करून ठोकळे रचत बसायची. तिसऱ्या भेटीत, पोरीचं लक्ष नाही असं बघून आई हळूच उठून गेली. मुलगी घरी गेल्यावर मी तिला बाहेर गाठलं तर म्हणते, "रडी ना ताई, म्हनीसन सांगं नही." म्हणजे पोर रडेल म्हणून न सांगता उठली; मी इतकी चिडले की तिला तिथेच सोडून आत आले. त्याच चिडीत अहवाल लिहिला. मुलगी आईकडे जात नाही. आई गेल्यावर रडली नाही. दोन्ही खरं आहे. बापाचा वकील एवढंच वाचून दाखवेल आणि म्हणेल, ही तर आईला ओळखतसुद्धा नाही. मग त्या बाईला मुलगी मिळत नाही.

जे लिहिलं नाही ते असं. आई गेल्यावर मुलीने दाराकडे बघितलं, हातातला ठोकळा टाकला, आणि आई बसली होती त्या खुर्चीवर चढून बसली. आजी न्यायला आली तरी उतरेना. इतकी वर्षं मी लोकांना हेच बघायला शिकवते. मी बघितलं, वहीत टिपलं, आणि अहवालात आणलं नाही. कारण त्या बाईच्या जागी मला तू दिसत होतीस आणि तुला शिक्षा करायची होती.

आत्ता ते वाक्य घातलं. खाली लिहिलं की मुलीला एकदम उचलून इकडची तिकडे करू नये, आठवड्यातून तीनदा आईला भेटू द्यावं, आणि निघताना आईने तिला सांगून निघावं. कसं ते मी तिला शिकवीन. मॅडम ऐकतील की नाही, माहीत नाही. मला ते न चिडता शिकवता आलं म्हणजे मिळवलं.

हा कागद फाइलला लावता येणार नाही, आणि दुसरीकडे कुठे धाडायचा? पण एक सांगायचं राहिलंय. दोन वर्षांनी तू मला न्यायला आलीस, मी मामीच्या मागे लपले, आणि तू ओट्यावर बसून रडलीस, "पोर माले वयखस नही." पुढे जन्मभर तू ते सगळ्यांना हसत हसत सांगितलंस. माय, मी तुला ओळखलं होतं. तू गल्लीत वळलीस तेव्हाच. तू रडत होतीस आणि मला बरं वाटत होतं.