जाड्याच्या गुडघ्यांचं गणित

३ नोव्हेंबर
लेक ट्रेनिंगला गेली, कुत्रा आमच्या गळ्यात. तिने काही फॅशनेबल नाव ठेवलंय. मी जाड्याच म्हणणार. मागच्या पायाने लंगडतो. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, वय झालंय, वजन उतरवा, औषध नको. एवढं सांगायला शिकावं लागतं?
संकल्प: लेक येईपर्यंत जाड्या जिना पळत चढेल.

४ नोव्हेंबर
माझी व्हिटॅमिन डीची गोळी आठवड्यातून एक. गुडघे सुधारले (बहुतेक). कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात. म्हणजे त्याला रोज एक! उगाच नाही जन्मभर गणित शिकवलं. हिला बोललो नाही. बायकोला त्रैराशिक झेपत नाही.
गोळी पावाच्या तुकड्यातून. माझा हात दिसला की गडी आ करतो.

८ नोव्हेंबर
पातेलंभर पाणी पितो, पुन्हा मागतो. औषध लागू पडतंय.
संध्याकाळी गालिच्यावर शू. ही म्हणाली, अहो, हा घरात कधी करत नाही. म्हटलं, शरीर धुऊन निघतंय.

१० नोव्हेंबर
जेवण तसंच टाकलं. वजनच तर उतरवायचं होतं! लेकीचा फोन. म्हटलं, आलीस की तुझा कुत्रा ओळखणार नाहीस. पोरगी खूश.

११ नोव्हेंबर, सकाळ
दोनदा ओकला. पाव शिळा असणार. गोळी आता बिस्किटातून.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ
जिन्याशी नेलं. पहिल्या पायरीवर हनुवटी टेकून बसून राहिला. लंगडणं मात्र पूर्ण थांबलंय. ही म्हणाली, चालतच नाही तर लंगडेल कसा? हिला मेलं सगळ्यात वाईटच दिसतं.
गोळ्यांच्या खोक्यातला कागद वाचणार होतो. चष्मा सापडला नाही. (कपाळावर होता.)

१२ नोव्हेंबर
हिनेच उचलून दवाखान्यात नेला. मी मागून. रक्त तपासलं, सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, काय देत होतात? सातचा हिशेब नीट मांडून दाखवला. मग ते म्हणाले, माणसाची ही गोळी कुत्र्याला विषच, अंगातून लवकर निघतही नाही. मूत्रपिंडं गेलीत. वाचेल असं सांगता येत नाही.
ही म्हणाली, लेकीला तुम्हीच कळवा. फोन लावला. तिने पहिलं विचारलं, जिना चढला का?
भीती वाटली. फोन हिच्या हातात देऊन आत गेलो. जाड्याला मानही उचलवत नव्हती.
माझा हात दिसला, तसा त्याने आ केला.