आठ पावलांचं सावट

ढाकणवस्ती, ता. पाथर्डी
२ ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप अक्कास,
आदिनाथचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुला फोनवर ऐकू येईनासं झाल्यापासून मला पत्राची सवय परत लागली. अक्षर तेच आहे, मास्तरीणबाईंनी मार्क कापू नयेत.

यंदा पाऊस अर्धाही झाला नाही. जे पीक आलं तेही झाडांनी खाल्लं. दादांनी लावलेले लिंब आणि मागून आपोआप उगवलेले लिंब-बाभळी मिळून चार एकरांत एकशे बत्तीस खोडं भरली. बुडापासून आठ पावलं बाजरी गुडघ्यावर जात नाही, कणीस बोटाएवढं. आणि दोन झाडांत अंतर पंधरा पावलांचं. म्हणजे सावट नाही अशी जागा उरतेच कुठं? भागूबाई म्हणाली, आपन बाजरी पेरतो का लिंबं राखतो, ते एकदा ठरवा.

कृषी सहायक येऊन बघून गेले. सगळी काढलीत तर माती वाऱ्यावर जाईल, म्हणाले. एकरी दहा-अकरा ठेवा, बाकीची काढा, ठेवलेल्यांच्या फांद्या दरसाल उतरवा. मला पटलं. पण परवानगीला सातबाऱ्यावरच्या आपल्या दोघांची सही लागते. अर्ज सोबत आहे, सही करून धाड.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा,
आदिनाथ


श्रीरामपूर
१५ ऑक्टोबर २०२३

चि. आदिनाथ यास अनेक आशीर्वाद. भागूबाईसही.

अर्ज मिळाला. सही केलेली नाही. रागावू नकोस, आधी पुढचं वाच.

दुष्काळानंतरच्या वर्षी दादांनी ती रोपं लावली तेव्हा तू, त्यांचं शेंडेफळ, इतकासा होतास, बांधावर झोपायचास. कळशीनं पाणी मी घातलं. ओढ्यातल्या डबक्यापासून वावरापर्यंत, दोन उन्हाळे. डोक्यावर कळशी टेकायची तिथले माझे केस विरळ झाले ते परत आले नाहीत. तीस वर्षं मी शाळेत पोरांना झाडं लावा म्हणून शिकवलं, आणि आता माझ्याच सहीनं नव्वद झाडं पाडू?

फांद्या छाट, तेवढ्यानं ऊन खाली उतरेल. एखाद्या वर्षी पाऊस कमी होतो, त्याचा दोष झाडांवर घालू नये. तू लहानपणापासून उतावळा. भागूबाईला म्हणावं, नवऱ्याला जरा आवर.

मी कायमची ना म्हणत नाही. दोन वर्षं थांबू, एवढंच. आठवण ठेव, आणि राग आला तरी लिही.
तुझी अक्का, मुक्ता


सावेडी, नगर
२१ जानेवारी २०२४

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

हे पत्र दवाखान्यातून लिहितो आहे. आमची धनश्री सासरहून आली आहे, ती तिच्या आईजवळ बसली म्हणून सवड मिळाली.

तुला कळवलं नव्हतं. तुझ्या सांगण्यावरून फांद्या उतरवल्या, पण बाजरीचा हंगाम तोवर गेला होता. घरात आलं ते संक्रांतीपर्यंतही पुरलं नसतं. दिवाळी झाली आणि आम्ही दोघं ऊसतोडीला गेलो. बारा वर्षांनी परत कोयता हातात घेतला. भागूबाई म्हणाली, अक्काला सांगू नगा, त्यांना वाटंल आपन त्यांच्यावर रुसून चाललो.

मंगळवारी ट्रॉलीवर मोळी चढवताना फळीवरून तिचा पाय घसरला. डोक्यावर मोळी तशीच होती. खुबा मोडला, पाठीच्या मणक्यालाही मार आहे. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात उभी राहील असं सांगता येत नाही.

तुझी प्रकृती सांभाळ. जास्त लिहवत नाही.
आदिनाथ


श्रीरामपूर
२८ जानेवारी २०२४

चि. आदिनाथ यास आशीर्वाद.

परवा दवाखान्यात तुम्हाला बघून आले. भागूबाईनं माझा हात धरला आणि ओठ हलवले. मला कळेना, तेव्हा धनश्रीनं कागदावर लिहून दाखवलं. ती विचारत होती, अक्का, तुमचे गुडघे कसे आहेत.

एसटीत सगळी वाट तो कागद माझ्या मुठीत होता. वर्षानुवर्षं त्या वावरात मी फक्त हुरडा खायला आले, आणि सही अडवायला मात्र हक्कानं बसले.

अर्ज सही करून पाठवते आहे. किती ठेवायची, कोणती ठेवायची, हे मी सांगणार नाही. ज्यांनी तिथं कंबर मोडली त्यांनी ठरवावं.

जमलं तर माझ्याविषयी मनात थोडी जागा राहू दे.
मुक्ता


ढाकणवस्ती
१२ मे २०२४

तीर्थरूप अक्कास साष्टांग नमस्कार.

परवानगी आली. कोणती झाडं काढायची यावर माझं आणि शेजारच्या सहादेवचं दोन दिवस जमेना. मी म्हणे एकाआड एक, तो म्हणे मधली सगळी. आत भागूबाई पडल्यापडल्या ऐकत होती. म्हणाली, मला वावरात न्या.

सकाळच्या गारव्यात चौघांनी तिची बाज उचलली. मी चुन्याचा डबा घेऊन मागं. एकेका झाडापाशी बाज टेकवायची, ती सांगायची. हे ऱ्हाऊ द्या, ह्याच्या बुडाशी मूग येतो. ह्याला काडा, ह्याची मुळं वर हायती, खुरप्याला लागत्यात. पश्चिमेच्या बांधावरची एकही काडू नका, तिकडून वारं येतं. उत्तरेच्या पाच बाभळी शेरडांना शेंगांसाठी. तीस वर्षं औत मी हाकलं, अक्का, पण कोणत्या झाडाचं सावट कुठवर पोचतं हे तिला खुरपून ठाऊक होतं. मी फक्त चुना मारत गेलो.

मधे एक दाट लिंब आहे. दुपारची भाकरी ती कायम त्याच्याखाली खायची. तिथं मी बाज टेकवू न देताच पुढं निघालो. तिनं थांबवलं. म्हणाली, ह्योच आधी काडा, सगळ्यात चांगली माती ह्याच्याखाली हाय. मी म्हणालो, राहू दे एखादं तुझ्यासाठी. ती म्हणाली, मी आता कुठं बसनार हाय तिथं.

बेचाळीस ठेवली. कापणीचं मशीन चार दिवस चाललं. तिनं दार लोटून घ्यायला सांगितलं होतं.

तिच्या पाठीला जखमा झाल्या आहेत, भरत नाहीत. सवड काढून ये. तुझी वाट बघते.
आदिनाथ


श्रीरामपूर
२० सप्टेंबर २०२४

चि. आदिनाथ यास आशीर्वाद.

भागूबाईच्या तेराव्याहून आले त्याला महिना होत आला. तिथं तू माझ्याशी बोललास, जेवायला वाढलंस, स्टँडवर सोडायला आलास, पण माझ्याकडे पाहिलं नाहीस. ते मला समजलं.

मी ठरवलं आहे. सातबाऱ्यावरून माझं नाव काढून टाकावं. हक्कसोडाचा कागद करून घे, मी सहीला नोंदणी कचेरीत येईन. यापुढे माझ्यापायी तिथं कुणाचं काही अडू नये.

हा कागद स्वीकारलास तर मला माफ केलंस असं समजेन.
मुक्ता


ढाकणवस्ती
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

बाजरी काढली. मोकळ्या पट्ट्यात छातीला लागत होती, कणसं वीतभर. झाडाजवळ अजून कमीच आहे, पण मागच्यासारखी नाही. पश्चिमेच्या बांधामुळं वाऱ्यानं लोळली नाही. तिचं सगळं बरोबर आलं. खळ्यावर यंदा मी तिच्याविना उभा होतो. सहादेव म्हणाला, वहिनीनं बघायला पाहिजे हुतं. मी पाणी पिण्याचं निमित्त करून घरात गेलो.

तुझ्यावर राग होता, अजून आहे. खोटं कशाला लिहू. पण भागूबाईच्या तोंडून शेवटपर्यंत तुझ्याविषयी वावगा शब्द आला नाही, तेव्हा माझाही जाईल, वेळ लागेल. हक्कसोड मात्र मी घेणार नाही. नाव काढून तू सुटशील, मी कुठं जाऊ? नाव राहू दे. दरसाल कोणत्या फांद्या उतरवायच्या ते बघायला इथं ये, माझ्याबरोबर उन्हात चाल. मग हो म्हण, नाही म्हण.

अजून एक सांगायचं राहिलं. पावसाळ्यात ठेवलेल्या लिंबांखाली शेकड्यानं रोपं उगवली आहेत. दरसाल उगवत. भागूबाई खुरपताना न विचारता उपटून टाकायची आणि मी तिच्यावर ओरडायचो, दादांची झाडं आहेत म्हणून. त्यातली माझ्या ओरडण्यानं राहिलेलीच पुढं मोठी झाली आणि दादांच्या झाडांत भर पडून एकशे बत्तीस खोडं झाली. आज सकाळपासून मी खुरपं घेऊन बसलो होतो. निम्मं वावर झालं आहे. उरलेली रोपं उद्या उपटीन.

येणार असशील त्या दिवशी आधी दोन ओळी टाक.
आदिनाथ